आधी लिहा, मग बोला

थोरला दादा कतारला, ताई पनवेलला, धाकटा सुरतला आणि मी आईबरोबर गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत. घरात बातमी पोचवायचं काम ज्याच्या वाट्याला येतं, तो आमच्याकडे मी. वरवर बिनखर्चाचं काम आहे, पण ते चुकलं तर काय होतं ते आमच्या घरानं पाहिलंय.

ऐन आषाढात आई मागल्या दारी शेवाळावरून घसरली आणि मनगट मोडलं. मी तिला रिक्षात घालून चिपळूणला निघालो. तेवढ्यात वाडीतल्या एका पोरानं तिला रिक्षात बसवतानाचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘काकी सिरीयस, चिपळूणला नेली.’ मग ओळीनं जोडलेले हात. वरचं काही न वाचता दोघांनी श्रद्धांजलीसुद्धा वाहिली!

दादाच्या साइटवर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत त्यानं फोन उघडला आणि हे सगळं एकदम समोर आलं. तोवर इकडे लाईट गेली होती, टॉवर बंद पडला होता. मी लिहिलेला मेसेज माझ्याच फोनमध्ये अडकून बसला होता. दादानं साहेबांपुढे रडून रजा मिळवली, तिकीट काढलं. संध्याकाळी फोन लागला तेव्हा आई प्लास्टरमधला हात सावरत त्याला सांगत होती, “अरे, भाकरी थापता येत नाही, एवढंच.” तिकिटाचे पैसे बुडाले ते बुडालेच. मला त्याहून मोठं नुकसान वाटतं ते साहेबांच्या विश्वासाचं. पुढच्या खेपेला आई खरंच आजारी असली तर ते दादाचं कितपत खरं मानतील?

आता आम्हा भावंडांचा ग्रुप भावकीपासून वेगळा आहे. बातमी तिथे एका वेळी सगळ्यांना जाते, म्हणजे ‘ताईला आधी कळलं, मला नाही’ हा रुसवा उरत नाही. व्हॉइस नोट नंतर. कामावरच्या माणसाला ती ऐकता येत नाही, आणि आपला आवाज थरथरत असला तर तो शब्दांपेक्षा थरथरच ऐकतो. मेसेज साधारण असा असावा: ‘आई घसरून पडली. मनगट मोडलंय. शुद्धीवर आहे, बोलतेय. चिपळूणला हाडांच्या डॉक्टरांकडे आहोत. आत्ता यायची गरज नाही. आपल्याकडच्या चार वाजता पुन्हा लिहितो.’ कतारचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे, म्हणून ‘आपल्याकडच्या’ हवंच. आणि यायचं की नाही, हे कधीही गाळू नका. लांबचा माणूस पहिल्यांदा तेच शोधतो.

आईचं म्हणणं याच्या उलट. “त्याला कशाला सांगतोस? तिथे बसून तो काय करणार?” तारेचा जमाना बघितलेली माणसं ही. तार आली म्हटलं की फोडण्याआधीच बायका रडायला लागायच्या. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तरी माणूस गेल्यावरही ‘तब्येत जास्त आहे, निघून ये’ असं कळवायची रीत गावात टिकून आहे. माझ्या मते ती आता सोडावी. निघालेला माणूस विमानतळावर पोचायच्या आत कुणाच्या तरी स्टेटसला हार घातलेला फोटो लागलेला असतो. गेलेल्याला गेलाच म्हणावं. फक्त आधी लांबच्या माणसाच्या रूमवर राहणाऱ्याला फोन करावा, म्हणजे कळताना तो एकटा नसेल. तो नंबर आजच घेऊन ठेवा. लगेच दुसरं सांगायचं ते हे, की त्याच्यासाठी थांबणार की नाही. वडीलधाऱ्यांना विचारून पक्कं काय ते कळवा. ‘बघू’ म्हणू नका. त्या एका शब्दावर तो अख्खा प्रवास करतो.

जमिनीच्या कागदांत तर मोघमपणा अजिबात नको. ‘तुझ्या नावाची नोटीस आलीय’ याला काही अर्थ नाही. फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात, म्हणून पूर्ण पानाचा फोटो त्याच दिवशी पाठवा. फेरफार क्रमांक, गट क्रमांक आणि तारीख वाचता आली पाहिजे. वारसनोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो, आणि त्यात बहिणींची नावंही घालायची असतात, हे बहिणींनाही कळवा. आखातातून मुखत्यारपत्र येणार असेल तर ते तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित होऊन यावं लागतं, आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागतं. पाकीट आलं की तारीख लिहून ठेवा.

आणि एरवीही लिहीत जा. फक्त वाईटच कळवत राहिलात तर तुमचं नाव स्क्रीनवर दिसलं तरी पोटात गोळा येतो. पायरीला मोहोर धरला, पाडीला खरूज झालीय, शाळेच्या छपराचे पत्रे बदलले, असलं काहीही चालतं. दादा त्यावर दहा प्रश्न विचारतो. बांधावरची भांडणं मात्र मी लिहीत नाही. एकदा लिहिलं होतं, तर त्यानं कतारहून थेट शेजाऱ्याला फोन लावला, आणि समजूत घालायला इथे मला जावं लागलं.