अकोले तालुक्यात जमीन घेतलीत? डोंगरभटकंतीचं बजेट असं बसवा

भंडारदरा-राजूर पट्ट्यात सातबाऱ्यावर नाव लागलं की मुंबई-पुण्याच्या ट्रेकरचे दोन मोठे खर्च तुमच्यापुरते गळून पडतात: प्रवास आणि मुक्काम. शिवाय शनिवार-रविवारची गर्दी टाळून मंगळवारी निघता येतं. वाचलेले पैसे बूट आणि गावातला वाटाड्या यांवर लावा. खालचे आकडे अंदाजाचे आहेत. दर हंगामानुसार बदलतात, म्हणून आदल्या दिवशी फोनवर ठरवून घ्या.

कळसूबाई (१,६४६ मीटर)
राज्यातलं सर्वांत उंच शिखर, सुरुवात इथूनच करा. बारी गावातून चढायला तीन-चार तास. वाट मळलेली, कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या. उघड्या हवेत वाटाड्याशिवाय जमतं. शुल्क, पार्किंग, सरबत आणि उतरल्यावर पिठलं-भाकरी धरून माणशी ४०० रुपये.

हरिश्चंद्रगड
पाचनईहून अडीच-तीन तास. केदारेश्वराच्या गुहेत शिवलिंगाभोवती गार पाणी आणि चार खांबांपैकी एकच शाबूत. पुढे कोकणकडा. धुकं उतरलं की कड्याची धार दिसत नाही, म्हणून वाटाड्या हवाच: दिवसाला १,००० ते १,५०० रुपये, माणशी नव्हे, गटाचे. जेवण-शुल्क माणशी ४००. नळीची वाट नवख्यांनी धरू नये.

रतनगड
रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापासून वाट जंगलात शिरते. फाटे फुटतात, त्यामुळे पहिल्या खेपेला वाटाड्या घ्या. वर शिड्या आणि आरपार नेढं. खर्च हरिश्चंद्रगडाएवढाच.

सांदण दरी
साम्रदहून. पावसाळ्यात आत पाऊल टाकू नका. लोंढा आला तर दोन कातळभिंतींमध्ये बाजूला व्हायला जागा नसते. हिवाळ्यात वरचा टप्पा चालत पाहता येतो. खाली रॅपलिंग करायचं तर अनुभवी संस्थेसोबतच: माणशी १,५०० ते २,५०० रुपये. पैसे भरण्याआधी दोर, हेल्मेट, प्रथमोपचार आणि विमा यांची चौकशी करा.

सामान
बूट १,५०० ते ३,००० रुपये. दुकानात बुटाचा तळ अंगठ्याने दाबून पाहा. प्लॅस्टिकसारखा टणक लागला तर ओल्या कातळावर घसरणार. हेडटॉर्च ४०० ते ८००, रेनकोट ५०० ते १,०००. तंबू विकत घेऊ नका, तुमचं घर पायथ्याशीच आहे.

नियम
हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. जमीनमालक असलात तरी वनखात्याचे नियम तुम्हालाही लागू. नाक्यावर शुल्काची पावती घ्या, जंगलात चूल पेटवू नका. मे अखेरीस काजवे पाहायला जाताना टॉर्चचा झोत झाडांवर मारू नका.

एकूण हिशेब
दोघांसाठी, वरच्या दराने: कळसूबाई ८००, हरिश्चंद्रगड २,३००, रतनगड २,३००, सांदण ५,०००, सामान ९,६००. बेरीज २०,००० रुपये. पुढच्या वर्षी सामानाचा खर्च नाही.

कात्री लावायचीच तर रेनकोटाला लावा. वाटाड्याच्या मजुरीत घासाघीस नको. १०८ची रुग्णवाहिका फुकट आहे, पण ती रस्त्यापर्यंतच येते. डोंगरात पाय मोडला तर तिथवर तुम्हाला खांद्यावर आणणारे हेच शेजारी असतात.