योहान व्हॅन डर क्यूकेन : पुन्हा एकदा बघायला शिकवणारा दिग्दर्शक



आज आपण नेदरलँड्समधील एका माहितीपट दिग्दर्शकाची ओळख करून घेणार आहोत. नाव थोडं अवघड आहे, योहान व्हॅन डर क्यूकेन. मोठे नट, मोठे सेट यांच्या मागे ते कधी लागले नाहीत. स्वतः कॅमेरा हातात घ्यायचा आणि खऱ्या माणसांकडे बघायचं, हेच त्यांचं काम. आवाज ध्वनिमुद्रित करायला बरेचदा पत्नी नोश्का सोबत असायच्या.

बालपण व शिक्षण

त्यांचा जन्म ४ एप्रिल १९३८ रोजी ॲम्स्टरडॅम येथे झाला. बाराव्या वर्षी आजोबांनी त्यांना फोटो काढायला शिकवलं. १९५५ मध्ये, म्हणजे वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, 'आम्ही सतरा वर्षांचे' या अर्थाच्या नावाचं त्यांचं फोटोंचं पुस्तक निघालं. फोटो कुणाचे? तर आपल्याच वयाच्या मित्रमैत्रिणींचे! पुढे १९५६ मध्ये ते पॅरिसच्या चित्रपट शिक्षण संस्थेत शिकायला गेले.

एकाच मुलाकडे दोनदा

१९६४ मध्ये त्यांनी 'अंध मूल' हा छोटा माहितीपट केला. न दिसणारी मुलं स्पर्शाने, आवाजाने जग कसं ओळखतात, हे त्यात दाखवलं आहे. विषय झाला, फिल्म झाली. दुसरा कोणी असता तर पुढच्या विषयाकडे वळला असता. पण हे तिथेच थांबले नाहीत. त्या मुलांपैकी एक होता हर्मन स्लोब्बे. १९६६ मध्ये त्यांनी फक्त त्याच्यावर दुसरी फिल्म केली आणि तिला त्याचंच नाव दिलं.

या फिल्ममधला हर्मन 'बिच्चारा' नाही, बरं का! तो चौदा वर्षांचा हट्टी, बडबड्या मुलगा आहे. तोंडाने मोटारींच्या शर्यतीचा आवाज काढतो, माऊथ ऑर्गन वाजवतो. हातात मायक्रोफोन आला की रंगात येतो. पहिल्या फिल्ममध्ये 'अंध मुलं' दिसतात, दुसऱ्या फिल्ममध्ये हर्मन दिसतो.

शेवटी दिग्दर्शक स्वतःच्या आवाजात हर्मनचा निरोप घेतात. चित्रपटात सगळं काही आकारच असतं, हर्मनसुद्धा एक आकारच, असं ते सांगतात. ऐकायला कोरडं वाटतं. मला त्याचा अर्थ असा लागला, की तुम्ही पाहिलात तो मी कापून-जोडून तयार केलेला हर्मन. खरा मुलगा त्याहून मोठा आहे.

आपण शिक्षक दरवर्षी आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी लिहितो. माझ्या वर्गात एक अल्पदृष्टी मुलगी होती. मी नोंदवहीत लिहिलं, 'फळ्यावरचे दिसत नाही, पुढे बसवले.' सहा महिने माझ्यासाठी ती तेवढीच होती. एक दिवस मुलांनीच सांगितलं, "सर, व्हरांड्यातून कोण येतंय ते ही चपलेच्या आवाजावरून सांगते!" मी पुन्हा बघितलंच नव्हतं.

भारताशी नातं

१९८८ मध्ये त्यांचा 'विहिरीवरचा डोळा' हा माहितीपट आला. तो केरळात चित्रित झाला आहे. कलरीपयट्टू शिकणारी मुलं, वेदपठण शिकवणारे गुरू, आणि गावोगाव फिरून हप्ते गोळा करणारा सावकार असे सगळे त्यात आहेत. एका पिढीकडून दुसरीकडे विद्या कशी जाते, आणि पैसाही हातोहात कसा फिरतो, दोन्ही शेजारी शेजारी दिसतं. विहिरीवर लोंबकळत असतानाही मधाचा थेंब चाखणाऱ्या माणसाची गोष्ट त्यात आहे. अशीच गोष्ट महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला सांगतो.

१९९६ चा 'ॲम्स्टरडॅम ग्लोबल व्हिलेज' सुमारे चार तासांचा आहे. आपल्याच शहरात राहणारी माणसं कुठकुठून आली, हे शोधत ते थेट बोलिव्हिया आणि चेचन्यापर्यंत पोचले.

शेवटची सुट्टी

१९९८ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं, कर्करोग आहे, थोडीच वर्षं हातात आहेत. तेव्हा ते नोश्कांसोबत प्रवासाला निघाले. भूतान, नेपाळ, आफ्रिका, ब्राझील, जिथे गेले तिथे कॅमेरा चालूच. त्यातून २००० मध्ये जो माहितीपट तयार झाला, त्याचं डच नाव म्हणजे तिकडच्या शाळेतली मुलं उन्हाळ्याच्या मोठ्या सुट्टीला जे म्हणतात, तेच! ७ जानेवारी २००१ रोजी त्यांचं निधन झालं.

मित्रांनो, त्या मुलीची नोंद मी नंतर बदलली. पण नवीन नोंदसुद्धा एक आकारच आहे, हे आता लक्षात ठेवतो.

विचार करा व लिहा :
१) पहिली फिल्म झाल्यावर दिग्दर्शक हर्मनकडे पुन्हा का गेले असतील?
२) तुमच्या वर्गातल्या एका मित्राबद्दल पाच ओळी लिहा. आठवडाभर त्याच्याशी खेळा, बोला आणि पुन्हा पाच ओळी लिहा. काय बदललं?