मोटारीचे प्लग व त्यांच्या तारा केव्हां बदलाव्या?

पेट्रोलवर चालणारी मोटार आतां पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारीं उभी असते, व तिजविषयीं एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. गाडी जरा अडखळूं लागली कीं मेस्त्री 'प्लग गेले, वायरीहि बदला' असें सांगून मोकळा होतो. उलटपक्षीं, गाडी बंद पडेपर्यंत बॉनेट न उघडणारे मालकहि थोडे नाहींत. पहिल्याचे पैसे व्यर्थ जातात. दुसऱ्याची गाडी बाजाराच्या दिवशीं माल भरलेला असतांना वाटेंत उभी राहते. ट्रॅक्टर डिझेलवर चालत असल्यामुळें त्यास ठिणगीचा प्लग नसतो. सबब पुढील विवेचन पेट्रोल व सी. एन. जी. वरील गाड्यांपुरतेंच समजावें.

बॅटरीची वीज अवघी १२ व्होल्टची. कॉइल तिचा दाब कित्येक हजार व्होल्टांपर्यंत चढविते, तार ती वीज प्लगपर्यंत पोंचविते, आणि प्लगच्या दोन टोंकांमधील फटीवरून ठिणगी उडते. इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लगला मिनिटास निदान १,५०० ठिणग्या द्याव्या लागतात. प्रत्येक ठिणगीगणिक धातु किंचित् झिजतो व फट रुंदावते. रुंद फट ओलांडण्यास अधिक दाबाची वीज लागते, आणि तो ताण कॉइलवर व तारेच्या रबरी वेष्टणावर पडतो. पाटाच्या तोंडाशीं गाळ सांचला म्हणजे पाणी बांधाच्या कच्च्या जागेंतून फुटतें, तसाच हा प्रकार आहे. झिजलेला प्लग तारेचाहि नाश करितो तो असा.

साधे निकेलचे प्लग सामान्यतः ३० ते ४० हजार किलोमीटर टिकतात. इरिडियम किंवा प्लॅटिनमचे याच्या दुपटीहून अधिक, कांहीं १ लाखापर्यंतहि जातात. गाडीच्या पुस्तकांत दिलेला आंकडा प्रमाण मानावा. मात्र मळा ते गांव एवढीच ये-जा करणाऱ्या गाडीचें इंजिन पुरतें तापत नाहीं व प्लगवर काजळी धरते. तेथें किलोमीटरांच्या हिशेबावर विसंबूं नये. सी. एन. जी. पेटविण्यास अधिक दाबाची ठिणगी लागत असल्यामुळें त्या गाड्यांचे प्लग लौकर बदलावे लागतात.

आमच्या मतें खरा साक्षीदार म्हणजे काढलेला प्लगच होय. त्याचें टोंक फिकट तपकिरी किंवा राखी असेल व मधल्या दांडीच्या कडा धारदार असतील, तर तो चांगला आहे. कडा गोलावल्या असतील तर त्याचें आयुष्य संपलें. कोरडी काळी काजळी दिसल्यास हवेचा फिल्टर धुळीनें कोंदला आहे काय तें आधीं पाहावें. कच्च्या रस्त्यांच्या प्रदेशांत हें कारण फार आढळतें, व तेथें नवा प्लगहि थोड्याच दिवसांत काळा होतो. टोंक तेलानें ओलें असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची बाजू झिजली असण्याचा संभव असतो. पांढरें फटक व फोड आलेलें टोंक अति उष्णतेचें लक्षण आहे.

गाडी पूर्वीइतकी दौडत नाहीं एवढ्यावरून मात्र प्लगास दोष देऊं नये. २०२५ सालापासून पंपांवर सामान्यतः २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळूं लागलें. इथेनॉलची उष्णता लिटरमागें पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांश असल्यामुळें अशा मिश्रणाची उष्णता ६-७ टक्क्यांनीं उणी भरते. हें आपल्याच उसाचें देणें असल्यानें ऊस-बागाईतदारांनीं तरी त्याबद्दल मेस्त्र्याशीं भांडूं नये!

आतां तारा. बऱ्याच नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसविलेली असून लांब तारा नसतातच. ज्यांत आहेत, त्यांची परीक्षा सोपी आहे. पावसाळ्यांत सकाळीं गाडी चालू होण्यास कुरकुरते व दुपारीं ऊन पडल्यावर नीट चालते, असें असेल तर पहिला संशय तारांचा घ्यावा. अंधाऱ्या रात्रीं गाडी मोकळ्या जागीं उभी करून इंजिन चालूं ठेवावें व तारांवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. वेष्टण फुटलें असेल तेथें निळसर ठिणग्या दिसतात. त्या वेळीं तारेस हात लावूं नये. आंतील वाहक तुटला आहे काय तें मल्टीमीटरनें कळतें: एखादी तार आपल्या लांबीच्या मानानें इतरांहून कितीतरी अधिक विरोध दाखवीत असेल तर ती बाद समजावी. गोठ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या तारा उंदीरहि कुरतडतात, याकरितां महिन्यांतून एकदां नुसत्या डोळ्यांनींहि पाहाव्या.

दोष प्लगचा कीं तारेचा हें ठरत नसेल, तर ज्या सिलिंडरांत मिसिंग होतें त्याचा प्लग दुसऱ्या सिलिंडरांत घालावा. मिसिंग प्लगबरोबर सरकलें तर प्लग वाईट. जागच्या जागीं राहिलें तर पुढें तारेची परीक्षा करावी. प्लग चारहि एकदम बदलावे, हें आम्हांस मान्य आहे. तारा मात्र प्रत्येक वेळीं बदलण्याची गरज नाहीं. त्या वरील परीक्षेंत उतरल्या तर खुशाल ठेवाव्या. पण मिसिंग सोसून महिनोन्महिने गाडी हांकणें महागांत पडतें. न जळलेलें पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें पेटून तो वितळूं शकतो, व त्याची किंमत प्लगांच्या अनेक जोड्यांहून अधिक असते.

बदलण्याचें काम इंजिन थंड असतांनाच करावें. तार धरून ओढूं नये, टोंकाचें रबरी बूट पिळून काढावें. प्लगभोंवतालची माती आधीं फुंकून टाकावी, नाहीं तर ती सिलिंडरांत पडते. तारा एकेक करून बदलाव्या, म्हणजे क्रम चुकत नाहीं. नवा प्लग हातानेंच आंटे धरवून बसवावा व मग पान्यानें वायसरचा प्लग अर्धा ते दोन-तृतीयांश फेराच आवळावा. ॲल्युमिनियमच्या हेडचे आंटे अति जोरानें बिघडतात. क्रमांक पुस्तकांतीलच घ्यावा. एन. जी. के. च्या प्लगांत मोठा आंकडा थंड प्लगाचा, तर बॉशच्या प्लगांत तो उष्ण प्लगाचा असतो. दुकानदार एका कंपनीऐवजीं दुसरीचा प्लग देऊं लागल्यास जुना प्लग बरोबर नेऊन तक्त्यावरून पडताळून घ्यावा.