‘अ’ जीवनसत्त्वाची गोळी आणि आपली हाडे

डोळ्यांना चांगली म्हणून ‘अ’ जीवनसत्त्वाची गोळी आपण दुकानातून आणतो आणि महिनोन्महिने घेतो. पण हे जीवनसत्त्व लघवीवाटे सहज निघून जात नाही, ते यकृतात साठते. फार साठले की हाडे कमकुवत होऊ शकतात. अमेरिकेतील परिचारिकांच्या २००२ सालच्या अभ्यासात, पाळी गेलेल्या ज्या स्त्रिया रोज २००० मायक्रोग्रॅम वा अधिक रेटिनॉल घेत, त्यांच्यात खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण ५०० हून कमी घेणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट आढळले.

गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला यांतील कॅरोटीनपासून शरीर गरजेपुरतेच ‘अ’ बनवते. म्हणून भाजी फोडणी देऊन रोज खाऊ. गोळी डॉक्टरांना विचारूनच घेऊ. गरोदर बहिणींनी तर विशेष जपावे. लहान बाळांचा सरकारी डोस मात्र चुकवू नये.