अजगराचे घर आणि वाढीचे गणित

उसाची तोडणी सुरू झाली की चलथाणच्या परिसरात सापांच्या गोष्टींना ऊत येतो. नाग, घोणस, धामण ही नावे तर मुलांच्या तोंडी असतातच. पण क्वचित कोठे अजगर निघाल्याची वार्ता आली, म्हणजे वर्गात एक प्रश्न हटकून विचारला जातो. अजगराचे लहान पिल्लू पेटीत ठेवले, तर ते घरी वाढेल काय, आणि पेटी केवढी लागेल? प्रश्न पोरकट नाही. त्यात भूमिती आहे आणि जीवशास्त्रही आहे. म्हणून तो येथे जरा विस्ताराने सोडविण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम कायदा सांगून टाकू. भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला धरणे, मारणे अथवा घरी पाळणे हा गुन्हा आहे. तेव्हा पुढील हिशेब प्राणिसंग्रहालयाचा समजावा. मात्र कायदा बाजूला ठेवला तरी उत्तर बदलत नाही, हे त्या हिशेबातूनच दिसेल.

अंड्यातून निघालेले पिल्लू सुमारे दोन फूट लांब असते. त्याचा पूर्ण वाढलेला अजगर सहज दहा फुटांचा होतो. काही याहूनही मोठे होतात. सापाच्या लांबीइतकी लांब आणि तिच्या निम्मी रुंद जागा, असा साधा नियम धरू. पिल्लाला दोन फूट बाय एक फूट, म्हणजे दोन चौरस फूट पुरतील. दहा फुटांच्या अजगराला दहा बाय पाच, म्हणजे पन्नास चौरस फूट लागतील. लांबी पाचपट झाली, जागा मात्र पंचवीसपट! वजनाचे काय? अंगाचा आकार तोच राहिला तर ते लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सव्वाशेपट. शंभर-सव्वाशे ग्रॅमचे पिल्लू बारा-पंधरा किलोंचे धूड होते. आकार वाढताना क्षेत्रफळ आणि घनफळ निरनिराळ्या वेगाने वाढतात, ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात मांडली होती. आता आपल्या चाळीतील दहा बाय दहाची खोली डोळ्यांसमोर आणावी. तिचा निम्मा भाग अजगराचा! उरलेल्या निम्म्यात आईने स्वयंपाक करावयाचा आणि भावंडांनी झोपावयाचे.

‘पण साप तर वेटोळे घालून पडतो, त्याला एवढी लांबी कशाला?’ असे कोणी म्हणेल. पुष्कळ वर्षे सर्प पाळणारेही असेच म्हणत आणि लहान पेट्यांचे समर्थन करीत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६५ सापांचे प्रत्येकी एक तास निरीक्षण केले, तेव्हा त्यांपैकी २४ साप अंग सरळ वा जवळजवळ सरळ ताणताना आढळले. वेटोळे ही त्याची एक बैठक आहे, एकमेव नव्हे. आपणही रात्री पाय पोटाशी घेऊन झोपतो. म्हणून कोणी आपल्याला तीन फुटी खाट देत नाही.

लांबीचे याहून मोठे कारण उष्णता हे आहे. साप आपल्या शरीरात आपल्यासारखी ऊब निर्माण करीत नाही. ती तो बाहेरून घेतो. अन्न पचवावयाचे असले की उबेकडे सरकतो, अंग तापले की गारव्याकडे. यासाठी पिंजऱ्याचे एक टोक सुमारे ३२ अंश आणि दुसरे सुमारे २६ अंश सेल्सियस असावे लागते. आखूड पेटीत ही दोन टोके निर्माणच होत नाहीत. सारी पेटी एकदम तापते किंवा एकदम गारठते. आपल्याकडील वैशाखात पत्र्याखाली ठेवलेली बंद पेटी म्हणजे भट्टीच होय. त्यात अजगर तासाभरातही दगावू शकतो. शिवाय अंग बुडेल एवढे पाण्याचे टाके हवे, कारण कात टाकण्यापूर्वी तो पाण्यात पडून राहतो. लपावयास ढोली हवी. आणि लहान अजगर झाडावर चढतो म्हणून भक्कम फांदी हवी. हे सारे मांडल्यावर पन्नास चौरस फुटांतही किती मोकळी जागा उरते, ते विद्यार्थ्यांनी कागदावर आखून पाहावे.

मग पिल्लाला आरंभापासूनच मोठा पिंजरा दिला तर? चालेल, पण आडोसा भरपूर हवा. उघड्या, ओक्याबोक्या जागेत पिल्लू बुजते आणि अन्न सोडते. येथे दोष मोठेपणाचा नसून ओकेपणाचा असतो. अंदाज घेताना कात मापून फसू नये. उतरताना ती ताणली जाते, त्यामुळे सापाहून लांब भरते.

हा हिशेब न करता प्राणी घेतला म्हणजे काय होते, हे अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात दिसले. तेथे हौसेने आणलेले ब्रह्मदेशी अजगर पाहता पाहता घराबाहेरचे झाले. काही निसटले, काही मालकांनीच सोडले. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत ते वंशविस्तार करीत असल्याचे २००० साली मान्य झाले. तेथील ससे, रॅकून यांसारखे प्राणी झपाट्याने घटले. आयातीवर बंदी आली ती २०१२ साली. तोवर वेळ टळून गेली होती.

आपल्याकडे काही जण आफ्रिकेतील बॉल अजगर पाळतात. तो चार-पाच फुटांचा होतो, त्यामुळे त्याचा हिशेब पाच बाय अडीच फुटांवर भागतो. परंतु २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा परदेशी प्राण्याची सरकारकडे नोंदणी करावी लागते. खरा भारतीय अजगर पाहण्याची इच्छा असेल, तर सुट्टीत पुण्यास जाणाऱ्यांनी कात्रजचे सर्पोद्यान चुकवू नये. ते १९८६ साली सुरू झाले. तेथे अजगराकडे पाहून झाले की पिंजऱ्याकडे पाहावे. ऊब कोठे आहे, पाणी कोठे आहे, आडोसा किती आहे, हे वहीत टिपावे.

आणि उसाच्या फडात पिल्लू दिसलेच, तर त्याला काठीने डिवचू नये, डब्यातही घालू नये. दुरून एकाने लक्ष ठेवावे, दुसऱ्याने मोठ्या माणसांकरवी वनखात्यास कळवावे, आणि माणसे येईपर्यंत तोडणी पलीकडच्या सरीत चालू द्यावी.