आधी वावराचा नकाशा, मग खत

अगं, खताची यादी जावईबापूंच्या खिशात असली तरी आठ दिवस थांबा. दुकानदाराला आपलं वावर थोडंच ठाऊक असतं?

मृदा आरोग्य पत्रिका घरात आहे म्हणतेस. ती जपून ठेव, पण एक लक्षात घे. 2015 साली ही योजना सुरू झाली तेव्हा कोरडवाहू भागात 10 हेक्टरांच्या चौकटीमागे एक नमुना, असा हिशेब होता. म्हणजे जवळजवळ पंचवीस एकरांना एकच आकडा! तुमच्या पाच एकरांतच वरच्या धुऱ्याला बरड आहे आणि नाल्याकडे काळी भारी.

म्हणून मामंजींना घेऊन बस. वखर कुठे अडतो, पाणी कुठे साचतं, पऱ्हाटी आधी कुठे सुकते, सगळं त्यांना पाठ असेल. ते सांगतील तसे तुकडे कागदावर काढ आणि प्रत्येक तुकड्याचा नमुना वेगळा घे. बरडाची माती काळीत मिसळलीस, तर येणारा आकडा दोन्हींपैकी एकीचाही नसतो.

नमुना तूच घे, गड्यावर सोडू नकोस. पीक निघाल्यावर, खत पडायच्या आधी. काडीकचरा बाजूला सारून वीतभर खोल तिरका खड्डा कर आणि त्याच्या कडेची बोटभर जाड माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून घे. असं नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी. झाडाखाली नको, धुऱ्यालगत नको, शेणखताचा ढीग होता तिथे तर नकोच. बादली प्लास्टिकची घे. गंजक्या घमेल्याने लोहाचा आकडा बिघडतो. सगळी माती कालवून त्यातली अर्धा किलो सावलीत वाळव, पिशवीत तुकड्याच्या नावाची चिठ्ठी टाक.

अहवालात आधी सामू आणि सेंद्रिय कर्ब बघ. चुनखडीच्या रानात सोयाबीन पिवळं पडतं ते बहुतेक वेळा लोह मुळांना लागू होत नाही म्हणून. तिथे युरिया ओतून पैसे जातात, पिवळेपणा जात नाही.

आणि संत्र्याची कलमं सांगायच्या आधी मीटरभर खोल खड्डा खणाच. वरून काळीभोर दिसणाऱ्या मातीखाली दीड फुटावर चुनखडी निघाली, तर चार-पाच वर्षं जीव लावलेली बाग डोळ्यांदेखत खंगते. नागपूरच्या मृदा सर्वेक्षण ब्युरोतले लोक देशभराच्या मातीचे नकाशे करतात, तेही खड्ड्यात उतरून थर बघतात. दर फुटाची माती वेगळी तपासायला दे.

कागद झाला की फोटो पाठव. संत्र्याचं जावईबापूंशी मीच बोलते.