पैसे गेले, तक्रार केली. पुढे पोलीस काय करतात?

फसवणुकीने पैसे गेले की खातेदार आधी शाखेत येतात. "साहेब, पैसे कुठे गेले ते तुम्हाला कॉम्प्युटरवर दिसत नाही का?" दिसते, पण एकाच पायरीपर्यंत. समोरचे खाते दुसऱ्या बँकेचे असेल, तर ते कोणाचे आणि रक्कम तिथून पुढे कुठे गेली, हे शोधण्याचा अधिकार आमचा नाही, पोलिसांचा आहे.

म्हणून शाखेकडे धावण्याआधी १९३० या क्रमांकावर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर नोंद करा. रक्कम, तारीख, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. यूपीआयचा हा क्रमांक बारा आकडी असतो. तपासाचा धागा इथूनच सुरू होतो. तक्रार समोरच्या बँकेपर्यंत पोहोचते आणि खात्यात जेवढी रक्कम उरली असेल तेवढी रोखली जाते. रक्कम पुढे सरकली असेल, तर त्या पुढच्या बँकेला कळवले जाते. चोरही हे जाणतात. समजा, चाळीस हजार गेले. ते थोड्याच वेळात चार-पाच खात्यांत वाटले जातात आणि शेवटी एटीएममधून नोटा बाहेर पडतात. नोटा निघाल्यावर रोखायला काही उरत नाही. पहिल्या तासाला एवढे महत्त्व आहे ते यामुळे.

यानंतरचे काम संथ आणि चिकाटीचे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. नागपूरचे खातेदार इंदूरला असताना फसले, तर तिथेच द्यावी. गुन्हा नोंदल्यावर तपास अधिकारी कलम ९४ खाली बँकेकडे कागद मागतात: खाते उघडण्याचा अर्ज, फोटो, केवायसी, उतारा, नोंदवलेला मोबाइल, एटीएमचे चित्रीकरण. मोबाइल कंपनीकडून सिम कोणाच्या नावावर होते आणि फोन कुठल्या भागात चालू होता, हे मिळते. एटीएममध्ये पैसे काढल्याची वेळ आणि त्याच वेळी फोनचे ठिकाण जुळले, की माणूस हाती लागण्याची शक्यता वाढते. मात्र चित्रीकरण कायम साठवून ठेवलेले नसते. तक्रारीला उशीर झाला, तर हा पुरावाच पुसला जातो.

या साखळीत आधी सापडतो तो बहुधा सूत्रधार नसतोच. असतो एखादा विद्यार्थी किंवा मजूर, ज्याने थोड्या पैशांसाठी आपले खाते आणि एटीएम कार्ड 'वापरायला' दिलेले असते. "मला काही माहीत नव्हते," एवढे म्हणून त्याची सुटका होत नाही. नाव त्याचे, सही त्याची, म्हणून पोलीस आधी त्याच्याच दारी येतात. माझ्या मते खाते भाड्याने देणे हा सगळ्यात महाग पडणारा जोडधंदा आहे.

रोखलेली रक्कम आपोआप परत येत नाही. त्यासाठी अनेकदा न्यायालयाचा आदेश लागतो. तक्रारीचा पोच क्रमांक, एफआयआरची प्रत आणि खात्याचा उतारा एकत्र ठेवा. अर्ज करताना हेच कागद मागितले जातात.